विश्लेषण : मंदी आली की तमाशाची राहुटीच आधी का उठते?

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. गावोगावच्या यात्रांचा, म्हणजेच तमाशा फडांच्या खऱ्या कमाईचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो. पुढच्या वर्षी १३ एप्रिल २०२१ रोजी, पुन्हा पाडव्याच्याच दिवशी राज्यात कडक निर्बंधांची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून ते लागू झाले. सलग दोन हंगाम हातचे गेले. करोना हे टोकाचे उदाहरण. पण दुष्काळ असो, नोटाबंदी असो वा शेतमालाचे पडलेले भाव असोत, प्रत्येक तंगीत फडांच्या वाट्याला कमी-अधिक हेच येते. अशा काळात कलेचे मोल टिकवायचे म्हणजे नेमके काय टिकवायचे, याचा फडांच्या अर्थकारणातून घेतलेला वेध.

फडाचा पैसा फिरतो कसा?

पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगाव (ता. जुन्नर) ‘तमाशा पंढरी’ म्हणून ओळखले जाते. पाडव्याच्या आधी येथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा फलक, आत व्यवस्थापक आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक येतात, तारीख सांगतात, घासाघीस होते आणि इसार देऊन ‘सुपारी’ पक्की होते. चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी अशा ज्या तिथींना एकाच वेळी अनेक गावांच्या यात्रा असतात, त्या तारखांचा भाव चढा असतो. मधल्या रिकाम्या तारखेला तोच फड कमी रकमेत मिळतो.

हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होऊन बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतो. पाडव्यापर्यंत मोठे ढोलकी फड प्रामुख्याने तंबू लावून तिकिटावर खेळ करतात, नंतर सुपाऱ्यांवर. तिकिटाचा खेळ बेभरवशाचा. सुपारीत रक्कम ठरलेली. त्यामुळे वर्षाचा ताळेबंद जुळतो तो चैत्र-वैशाखातच. हे दीड-दोन महिने वाया गेले तर भरपाईसाठी वर्षभर थांबावे लागते. पावसाळ्यात तंबू उभा राहत नाही आणि ग्रामदैवताची यात्रा सोयीने पुढे ढकलता येत नाही.

गावाच्या खिशाशी फडाचा संबंध काय?

सुपारीची रक्कम येते गावाच्या वर्गणीतून. त्यात घरटी वर्गणी असते, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांचा वाटा असतो, एखादा देणगीदार असतो. म्हणजे कांद्याचा भाव, दुधाचा दर, कारखान्यातला ओव्हरटाइम या साऱ्याचा हिशेब शेवटी फडाच्या वहीत उतरतो. देशाच्या विकासदराचा आकडा बरा असतानाही गावात तंगी असू शकते आणि फडाला तीच आधी कळते.

२०१६ हे वर्ष पाहा. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. जिथे पिण्याच्या पाण्याची ही गत, तिथे करमणुकीच्या खर्चाला आधी कात्री लागणार, हे उघड आहे. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातील एकूण मूल्याच्या सुमारे ८६ टक्के नोटा बाद झाल्या, तेव्हा दिवाळी नुकतीच संपली होती आणि फडांचे तिकिटावरचे खेळ सुरू होते. तंबूच्या दारात रोख पैसे मोजून चालणारा हा व्यवसाय.

वर्गणी कमी पडली म्हणून गाव यात्रा रद्द करत नाही. पालखी निघते, नैवेद्य होतो, कुस्त्यांचा हगामाही भरतो. काट बसते ती तमाशाला. दोन रात्रींची एक होते, सकाळची हजेरी जाते किंवा मोठ्या फडाऐवजी स्वस्तातला कार्यक्रम आणला जातो.

‘उचल’ इतकी महत्त्वाची का?

हंगामाआधी फडमालक कलावंतांना जी आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. पावसाळ्यातले घरखर्च, मुलांची शाळा, आजारपण, घरातले लग्न हे सारे तिच्यावर निघते. त्या बदल्यात कलावंत पुढच्या हंगामासाठी त्या फडाला बांधलेला असतो. ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतात, तीच ही पद्धत. फडमालकाकडे एवढी रक्कम पडून नसते. तो ती सावकाराकडून व्याजाने आणतो आणि सुपाऱ्यांतून फेडतो. बँकेला तारण लागते. फडाकडे दाखवायला जुने ट्रक, तंबू आणि जनरेटर असतात. फडाची खरी मालमत्ता म्हणजे जमलेला संच. तो गहाण ठेवता येत नाही.

हंगाम बुडाला की कर्ज फिटत नाही. कर्ज फिटले नाही की पुढची उचल देता येत नाही. उचल मिळाली नाही की ढोलकीवाला वीटभट्टीवर, रिक्षावर किंवा एखाद्या बँड पथकात दिसतो. मंदी फडापर्यंत पोहोचते ती या वाटेने. प्रेक्षकांनी पाठ फिरवण्याच्या आधीच फड मोडलेला असतो.

फड खर्च का कमी करू शकत नाही?

मोठ्या फडात कलावंत, वादक, आचारी, चालक आणि तंबू उभारणारे बिगारी मिळून शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे असतात. कारखानदार मंदीत एक पाळी बंद करू शकतो. फडाला अर्धा वग सादर करता येत नाही.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा सोपा होता. यंत्रांमुळे कारखान्यात दर तासाचे उत्पादन वाढत जाते, म्हणून तिथे वेतनवाढ परवडते. चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला मात्र शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागत होता, तेवढाच आजही लागतो. बाहेरची महागाई आणि वेतने वाढतात, तसा कलेचा खर्चही वाढतो. उत्पादन मात्र वाढत नाही. ही तूट कलावंताच्या आळसातून किंवा फडमालकाच्या गैरव्यवस्थापनातून येत नाही. ती त्या कलेच्या घडणीतच आहे.

तमाशाला हे तंतोतंत लागू पडते. गण, गवळण, बतावणी आणि वग यांना जिवंत ढोलकी लागते, झील धरणारे लागतात, सोंगाड्या लागतो. डिझेल महागले, किराणा महागला, तरी माणसे कमी करता येत नाहीत. याउलट ध्वनिमुद्रित गाणी आणि मोजक्या नर्तिका एवढ्यावर होणाऱ्या कार्यक्रमाला एक-दोन वाहने पुरतात. तंगीतली यात्रा कमिटी तिकडे वळली, तर तिला दोष देता येत नाही. अनेक फडांनी स्वतःच चित्रपटगीतांचा भाग वाढवून वगाची वेळ कमी केली, तीही याच हिशेबाने.

प्रेक्षकाचा रोजगार गेला की काय होते?

याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावात सापडते. लालबाग-परळच्या चाळींत कोकण आणि घाटावरून आलेला कामगार राहत होता. भजनी मंडळे, शाहिरी पथके, नमन-दशावतार, कामगार नाट्यस्पर्धा हे सारे त्याच्या पगारावर आणि पाळ्यांच्या वेळापत्रकावर चालत होते. शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची लोकनाट्ये-पोवाडे याच वस्तीत गाजले. लालबागचे हनुमान थिएटर तमाशाचे हक्काचे ठिकाण होते. फडांनाही मुंबईचा मुक्काम फायद्याचा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बहुतेकांचा रोजगार कायमचा गेला. कोणी गावी परतला, कोणी उपनगरात गेला, कोणी मिळेल ते काम धरले. गिरणगावातील कला कोणी बंद पाडली नाही. वर्गणी देणारा, तिकीट काढणारा, तालमीला येणारा माणूसच पांगला. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टोलेजंग इमारती आल्या, पैसा कैकपटीने वाढला. तमाशाची थिएटरे मात्र परत उभी राहिली नाहीत. अर्थव्यवस्था सावरली की कलाही आपोआप सावरेल, या समजुतीला गिरणगाव हे थेट उत्तर आहे.

मराठी नाटकाने कोणता मार्ग काढला?

जुन्या नाटक मंडळ्या फडासारख्याच होत्या. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी असे फिरते बिऱ्हाड आणि त्याचा बारमाही खर्च. १९३०च्या दशकात जागतिक मंदी आणि बोलपट एकदमच आले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये मराठी ‘अयोध्येचा राजा’. नाटक मंडळ्यांना हा दुहेरी भार पेलला नाही. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त काम केले.

पुढे व्यावसायिक रंगभूमीने वेगळी रचना स्वीकारली. कलावंत आणि तंत्रज्ञांना प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळू लागली. प्रयोग नाही तर पैसा नाही. त्यामुळे निर्माता तगला आणि नाटकही तगले. पण मंदीची जोखीम कंपनीच्या खांद्यावरून उतरून पडद्यामागच्या कामगाराच्या खांद्यावर गेली. नावाजलेल्या नटाला मालिका आणि चित्रपटांचा आधार असतो. नेपथ्य लावणाऱ्याला, कपडेपटवाल्याला तो नसतो. करोनात नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा हीच माणसे सर्वांत आधी अडचणीत आली.

करोनाकाळातील मदत पुरेशी होती का?

दुसराही हंगाम गेल्यानंतर, २०२१ मध्ये राज्य सरकारने सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी पाच हजार रुपयांची एकवेळ मदत देण्याचा निर्णय घेतला. एकूण रक्कम सुमारे २८ कोटी. प्रयोगात्मक कलांच्या संस्थांसाठी वेगळी तरतूद होती. घरात अन्नाची भ्रांत असताना पाच हजारांचे मोल कमी नसते. पण एका कुटुंबाच्या महिन्याभराच्या किराण्याची ही रक्कम दोन बुडालेल्या हंगामांचे कर्ज फेडू शकत नव्हती की पुढची उचल देऊ शकत नव्हती.

राज्यात ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. त्यांना आता महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. हा आधार आवश्यकच आहे, मात्र तो उतारवयातला. एकवेळ मदत संकट येऊन गेल्यावर पोहोचते आणि मानधन कारकीर्द संपल्यावर. तिशीतल्या ढोलकीवाल्याने फड सोडू नये, यासाठी या दोन टोकांच्या मध्ये फारसे काही नाही. नेमकी तिथेच कला तुटते.

पोटाला चिमटा असताना कलेवर खर्च का?

हा प्रश्न रास्त आहे. शाळा, दवाखाने, पाणी यांना पैसा अपुरा असताना तमाशाला कशाला, असे विचारणाऱ्याला कलेचा शत्रू ठरवून चालणार नाही. त्याची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर रोजगाराचे. तमाशातील बहुसंख्य कलावंत पिढ्यानपिढ्या महार, मांग, कोल्हाटी अशा वंचित समाजांतून आले. अनेकांकडे कसायला जमीन नव्हती. परतण्यासारखे शेत नसलेल्या माणसाचा रोजगार म्हणून फडाकडे पाहिले, तर हा खर्च चैनीचा उरत नाही. यात्रेत फडाबरोबर पाळणेवाले, भेळवाले, फुगेवाले, मिठाईवाले यांचेही पोट चालते.

दुसरे उत्तर कालावधीचे. बंद पडलेले यंत्र तेलपाणी करून पुन्हा सुरू होते. ढोलकीचा हात तसा तयार होत नाही. तो वर्षानुवर्षे फडात बसून, मोठ्यांचे पाहून तयार होतो. वगातील उत्स्फूर्त संवाद, सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी पूर्णपणे संहितेत उतरलेली नसते. ती संचात असते. पाच वर्षे संच विखुरलेला राहिला, तर शिकवणाऱ्याचे वय होते आणि शिकणारा दुसऱ्या धंद्यात रुळतो. नंतर कितीही निधी दिला तरी तो दुवा विकत घेता येत नाही. त्यामुळे मंदीतला खर्च पुढे ढकलून पैसे वाचल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या पैशाने घ्यायची गोष्टच नाहीशी होते.

इतर देशांनी काय केले?

महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये अमेरिकेने बेरोजगार रंगकर्मींसाठी ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ सुरू केला. भर काळात त्यात १२ हजारांहून अधिक लोक कामाला होते. त्यांना मदतीऐवजी काम आणि कामाचे वेतन मिळाले. अनेक प्रयोग विनामूल्य किंवा नाममात्र तिकिटात झाले, त्यामुळे कधी नाटक न पाहिलेला प्रेक्षकही जोडला गेला. मात्र काही नाटकांच्या राजकीय आशयावरून वाद झाला आणि १९३९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने निधीच थांबवला. सरकारी पैशावरची कला सरकारच्या मर्जीवर कशी येते, याचाही धडा या प्रकल्पाने दिला.

फ्रान्समध्ये रंगमंच आणि चित्रपटांतील अधूनमधून काम मिळणाऱ्या कलावंत-तंत्रज्ञांसाठी बेरोजगारी विम्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. १२ महिन्यांत ५०७ तास काम झाले की मधल्या रिकाम्या काळात भत्ता मिळतो. करोनात काम मिळणेच थांबले, तेव्हा ही अट शिथिल करून हक्क ऑगस्ट २०२१ पर्यंत वाढवले गेले. व्यवस्था आधीपासून होती, म्हणून ती संकटात लगेच वापरता आली.

आयर्लंडने २०२२ मध्ये दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला. पात्र अर्जदारांतून निवड चिठ्ठी पद्धतीने झाली. त्यामुळे कोणाची कला श्रेष्ठ, हे सरकारने ठरवण्याचा प्रश्न उरला नाही. तेथील सरकारने प्रसिद्ध केलेल्या खर्च-लाभ अभ्यासानुसार गुंतवलेल्या प्रत्येक युरोमागे समाजाला १.३९ युरोचा लाभ झाला.

फडांसाठी काय करता येईल?

श्रीमंत देशांच्या योजना जशाच्या तशा इथे आणता येणार नाहीत. पण त्यामागचे तत्त्व उसने घेता येते. पहिली गरज उचलीसाठी स्वस्त भांडवलाची. जून २०२० मध्ये केंद्राने पथविक्रेत्यांना दहा हजार रुपयांचे विनातारण कर्ज देणारी योजना आणली. त्याच धर्तीवर, सरकारी हमी असलेले आणि हंगाम संपल्यावर फेडायचे कर्ज फडांना देता येईल. हंगाम आपत्तीमुळे बुडाला तर हप्ता पुढे जाईल, अशी तरतूद त्यात हवी. पीककर्जाच्या पुनर्गठनात शेतकऱ्याला हे मिळते. चैत्रातला फड हाही एका अर्थाने हंगामी पीकच आहे.

दुसरी गरज नोंदीची. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ पोर्टल सुरू झाले. फडातील कलावंत, वादक, बिगारी, आचारी यांची कामाच्या दिवसांसह नोंद असेल, तर पुढच्या संकटात मदत कोणाला द्यायची हे शोधण्यात हंगाम जाणार नाही. उचलीचा व्यवहार लेखी झाला, तर कलावंताची पिळवणूकही रोखता येईल. फड टिकवताना फडातली वेठ टिकवायची नाही, हे भान त्यात हवे.

तिसरी गरज कामाची. दुष्काळी वा मंदीच्या वर्षात सरकारने किंवा जिल्हा परिषदांनी ठरावीक खेळ विकत घेऊन तालुक्याच्या गावी, आठवडी बाजारात सादर करावेत. खेळाची पूर्ण रक्कम वेळेत मिळावी. महोत्सव आणि पुरस्कारांनी कलेचा गौरव होतो, पण एका महोत्सवाने शंभर माणसांचे वर्ष निघत नाही.

पुरस्काराने काय साधते, काय उरते?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला होता. तमाशासम्राज्ञी म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. तरी २००२ मध्ये निधन होण्यापूर्वीचे त्यांचे दिवस आर्थिक ओढाताणीत गेले. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. कलेचे मोल समाजाला कळत नाही, असे म्हणायला त्यामुळे जागा नाही. ते कळते, मान्यही होते. फक्त ते कलावंताच्या हाती पोहोचण्याची वाट नीट बांधलेली नाही आणि तंगीत ती सर्वांत आधी वाहून जाते.

यात्रा दर वर्षी भरतील. नारायणगावला राहुट्याही लागतील. प्रश्न एवढाच आहे की राहुटीतल्या वहीत तारीख लिहिली गेल्यावर त्या रात्री बोर्डावर उभे राहायला संच शाबूत असेल का. त्याचे उत्तर चैत्रात ठरत नाही. ते आदल्या आषाढात, उचल मागायला आलेल्या ढोलकीवाल्याला फडमालक काय सांगतो, तिथे ठरते.